झांक्यांच्या रात्रीची हिरवी चटणी

इंदुरात अनंत चतुर्दशीच्या रात्री कापडगिरण्यांचे सजवलेले चित्ररथ निघतात, त्यांना झांक्या म्हणतात. शहराच्या जुन्या भागात राहणाऱ्या एका भगिनीचं पत्र आलं आहे. वय ५७. मुलगा आणि सून बेंगळुरूला असतात, लग्नाला दीड वर्ष झालं. सून वीगन आहे, म्हणजे दूध, दही, तूप, लोणी, मध यातलं काहीच ती खात नाही. त्या लिहितात:

"आमचं घर झांक्यांच्या वाटेपासून दोन गल्ल्या आत आहे. अनंत चतुर्दशीच्या रात्री आमच्याकडे वीस-बावीस माणसं जमतात. पोहे, साबुदाणा वडे, बाहेरून आणलेल्या कचोऱ्या आणि या सगळ्याबरोबर माझी पुदिन्याची चटणी. ती मी तीस वर्षं दही घालूनच करते. दिवाळीत सून आली तेव्हा पहिल्यांदा बिनदह्याची केली. गडबड नको म्हणून आदल्या रात्रीच वाटून ठेवली. सकाळी बघते तर काळी पडलेली, चवीला कडू, वर पाणी सुटलेलं. सासूबाई ८४ वर्षांच्या आहेत, त्या म्हणाल्या, 'पाचोळा वाटलास का गं?' सूनबाईंनी मात्र मुकाट्याने वाटी संपवली. यंदा ती दोघं झांक्यांना येताहेत. आमचे हे म्हणतात, 'वीस माणसांच्या चटणीत एक चमचा दही कुणाला कळतंय, घाल.' जाऊ म्हणते, तिची वाटी वेगळी कर. मुलगा म्हणतो, बदामाचं दही मागवू. त्याची किंमत ऐकून मला धडकीच भरली. आणि खरं सांगू? मला वाईट वाटतं. ज्या चटणीचं सगळ्यांनी नाव काढलं, ती या मुलीला चालत नाही. मी काय करावं?"

ताई,

उत्तर आधी सांगते, कारणं मागून. चटणी एकच करा, सगळ्यांसाठी, बिनदह्याची. ती त्याच रात्री वाटा. ज्यांना दही हवंच असेल त्यांच्यासाठी दह्याची वाटी शेजारी ठेवा, ज्याने त्याने आपल्या ताटलीत मिसळून घ्यावं. बदामाचं दही मागवू नका.

आता तुमच्या यजमानांच्या चमच्याबद्दल. त्यांच्या मनात वाईट काही नाही हे मला कळतं. घरातल्या कर्त्या बाईची धावपळ कमी व्हावी एवढाच त्यांचा हेतू. पण ते करू नका. मी हे एकदा केलेलं आहे. माझ्या नणंदेने लसूण सोडला होता. एका घाईच्या दुपारी मी तिच्या भाजीत लसणीचं वाटण घातलं, म्हटलं एवढ्या मसाल्यात काय कळणार. तिला पहिल्या घासालाच कळलं. ती काही बोलली नाही, ताट संपवलं. पण त्यानंतर कितीतरी वर्षं माझ्याकडे जेवायला बसताना ती प्रत्येक पदार्थाकडे बोट दाखवून विचारायची, "वहिनी, यात काय आहे?" तो प्रश्न ऐकताना दर वेळी माझ्या पोटात खड्डा पडायचा. लसूण एका दिवसाचा होता, शंका पुढे वर्षानुवर्षं राहिली.

आणि हे सदर वाचणाऱ्या इतरांसाठीही सांगते, कारण दूध न चालणारी माणसं फक्त वीगनच असतात असं नाही. काहींना दूध पचत नाही, त्यांचं पोट बिघडतं. काहींना, विशेषतः लहान मुलांना, दुधाची ॲलर्जी असते. या दोन गोष्टी वेगवेगळ्या आहेत. ॲलर्जी असलेल्याच्या बाबतीत "एक चमचा" हा शब्द जिवावर बेतू शकतो. आपल्या पंगतीला कोण येतंय आणि त्याला काय चालत नाही हे एकदा नीट विचारून घ्यावं, आणि जे सांगितलं ते तसंच पाळावं.

तुमच्या पत्रात एक गोष्ट तुम्ही अगदी धरूनच चालला आहात, की पुदिन्याची चटणी म्हणजे दह्याची. ही समजूत जरा तपासून बघू या. तुमच्या सासूबाई ८४ वर्षांच्या आहेत. त्यांना एका निवांत दुपारी विचारा, त्यांच्या आईच्या किंवा सासूच्या घरी चातुर्मास कोण पाळत होतं. श्रावणात पालेभाज्या सोडायच्या, भाद्रपदात दही, आश्विनात दूध, कार्तिकात द्विदल. मोजणी घरोघरी थोडी वेगळी, पण क्रम हाच. भाद्रपदात महिनाभर दही वर्ज्य करणारी बाई घरात असली, की त्या महिन्यात कोशिंबिरीला लिंबू, चटणीला चिंच किंवा आंबोशी, आणि कुणी त्याबद्दल चकार शब्द काढत नसे. तुमच्या झांक्याही भाद्रपदातच येतात. सूनबाईंची कारणं वेगळी आहेत, त्यांचा विचार गाई-म्हशींचा आहे, आणि त्यांचं व्रत बारमाही आहे. पण बिनदह्याची वाटी आपल्या ओट्याला नवी नाही. सासूबाईंकडून एखादी विसरलेली रीतही बाहेर येईल. "पाचोळा" म्हणणाऱ्या जिभेला चव कळते, तिलाच चटणी चाखायला बसवा.

वीगन हा शब्द मात्र परका आहे. १९४४ साली इंग्लंडमध्ये डोनाल्ड वॉटसन आणि त्यांच्या सोबत्यांनी तो रूढ केला, कारण तिथल्या शाकाहारी म्हणवणाऱ्यांत दूध-अंडी खाणारे होते आणि यांना वेगळं नाव हवं होतं. शब्द बाहेरचा म्हणून पदार्थही बाहेरचे आणि महागडे असणार, ही दुसरी समजूत. तुमच्या मांडणीवरचे डबे उघडून बघा. शेंगदाण्याची चटणी, जवसाची, कारळाची, तिळाची, सुक्या खोबऱ्याची, लसणीची. यातल्या एकीतही दूध नाही. मिरचीचा ठेचा, तेलाच्या फोडणीचं पिठलं, भाकरी, भरली वांगी, कोथिंबीर वडी, थालीपीठ, सगळं चालतं. अडतं ते फक्त शेवटच्या हाताशी, जिथे आपण सवयीने तूप सोडतो. तो हात तिच्या पानापुरता आवरायचा, झालं.

आता चटणीकडे येते. इथे मला जरा सविस्तर बोलू द्या, कारण दिवाळीत तुमची चटणी दही नव्हतं म्हणून बिघडली असं तुम्हाला वाटतंय. मला तसं वाटत नाही. ती आदल्या रात्री वाटली म्हणून बिघडली. दही असतं तरी बिघडलीच असती, पण दह्याने ते झाकलं असतं. दह्याच्या पांढऱ्या रंगात काळपटपणा दिसत नाही, त्याच्या दाटपणात सुटलेलं पाणी मुरतं, आणि त्याच्या आंबट-स्निग्ध चवीखाली कडूपणा दबतो. तीस वर्षं तुमच्या दह्याने हे काम इमानाने केलं. ते काढून घेतलं की प्रत्येक गोष्ट वेगळी सांभाळावी लागते.

पहिली गोष्ट काळेपणाची. पुदिन्याच्या आणि कोथिंबिरीच्या पानांत एक विकर असतं, एंझाइम म्हणतात ते. पान चिरडलं की त्या विकराची आणि पानातल्या इतर द्रव्यांची हवेशी गाठ पडते आणि वाटण काळवंडतं. चिरलेलं वांगं किंवा सफरचंद काळं पडतं ना, तसंच. मिक्सर जितका वेळ फिरेल तितका तो तापतो, आणि उष्णतेने हे काम आणखी वेगाने होतं. म्हणून वाटताना पाण्याऐवजी बर्फाचे दोन-तीन खडे घालायचे, मिक्सर सलग न चालवता थांबून थांबून फिरवायचा, आणि लिंबाचे थोडे थेंब वाटतानाच घालायचे. आंबटपणाने त्या विकराचा जोर कमी होतो. पण सगळं लिंबू तेव्हाच पिळू नका. आंबटात फार वेळ राहिलं तर पानांचा हिरवा रंगच बदलतो, शेवाळी होतो. पाव लिंबू वाटताना, बाकीचं वाढायच्या आधी.

कडूपणा बहुतेक वेळा देठांतून येतो. कोथिंबिरीचे कोवळे देठ जरूर घ्या, चव तिथेच असते. पुदिन्याचे मात्र जाड देठ काढायचे, खालची जून, डाग पडलेली पानंही काढायची. दुसरं कारण प्रमाण. पुदिन्याची चटणी म्हणून लोक भरमसाट पुदिना घालतात आणि मग ती औषधासारखी लागते. दोन भाग कोथिंबीर आणि एक भाग पुदिना, एवढा पुदिना पुरतो. वास त्याचाच पुढे येतो. लिंबाची बी वाटणात गेली तरी कडवट होतं. कच्चा कांदाही वाटू नका, काही वेळातच उग्र लागायला लागतो.

पाणी सुटतं त्याला उपाय डाळवं. भाजलेल्या हरभऱ्याची ती फुटाण्याची डाळ, पंढरपुरी डाळं म्हणतात काही जण. दोन चमचे डाळवं सगळं पाणी धरून ठेवतं आणि चटणीला अंग येतं. डाळवं नसलं तर भाजलेले दाणे, पण वीस माणसांत कुणाला दाणे चालत नसतील तर तेही विचारून घ्यायला हवं. आणि आपल्या इंदुरात तर घरात शेव नाही असं घर दाखवा! मूठभर बेसनाची साधी शेव वाटणात घातली की चटणी घट्टही होते आणि चविष्टही. शेव घातलीत तर मीठ हाताने कमी घाला. ओलं खोबरं छान लागतं, पण भाद्रपदातल्या दमट हवेत रात्रभर टिकणार नाही, ते घरच्या चार माणसांच्या जेवणाला ठेवा.

राहिला तिखटपणा. दुधातली प्रथिनं मिरचीचा जाळ शांत करतात, म्हणून दह्याच्या चटणीत सहा मिरच्या पचून जातात. दह्याशिवाय तेवढ्याच घातल्यात तर पाहुणे पाण्याचा तांब्या शोधतील. निम्म्यावर या, मग चाखून वाढवा.

घरच्या पाच-सहा माणसांसाठी मी अशी करते. दोन वाट्या दाबून भरलेली निवडलेली कोथिंबीर, एक वाटी पुदिन्याची पानं, दोन-तीन हिरव्या मिरच्या, आल्याचा बोटाच्या पेराएवढा तुकडा, दोन मोठे चमचे डाळवं, अर्धा चमचा भाजलेलं जिरं, चिमूटभर हिंग, पाव चमचा काळं मीठ, साधं मीठ चवीपुरतं, अर्धा चमचा साखर, एक रसदार लिंबू. उन्हाळ्यात लिंबाऐवजी कैरीच्या फोडी. साखर वगळू नका, गोड करण्यासाठी ती नाही, आंबट-तिखटाच्या कडा तिने मऊ होतात. गूळही चालेल, रंग थोडा उतरतो एवढंच.

आधी डाळवं, जिरं, हिंग, दोन्ही मिठं आणि साखर कोरडीच बारीक करून घ्या. हे पहिलं पाऊल फार महत्त्वाचं, कारण डाळवं पानांबरोबर घातलं तर त्याची कणी मोडेपर्यंत पानांचा भुगा होतो आणि मिक्सर तापतो. मग आलं-मिरची, त्यावर पुदिना, त्यावर कोथिंबीर, वर बर्फाचे खडे आणि पाव लिंबाचा रस. दोन-दोन, तीन-तीन सेकंदांचे झटके द्या. मध्ये झाकण उघडून कडेचं चमच्याने खाली ढकला. सुरुवातीला वाटेल फिरतच नाही, आणि पाणी ओतायचा मोह होईल. ओतू नका. बर्फ वितळला की पानं आपोआप खाली बसतात.

माझ्या माहेरी मागच्या अंगणात पाटा होता. आई पानांवर आधी मीठ आणि मिरची रगडायची, मग पुदिना टाकायची, आणि वरवंटा दोन्ही हातांनी पुढे ढकलून मागे ओढायची. रस पाट्याच्या कडेला धावला की तळहाताच्या कडेने तो परत वाटणात लोटायची. शेवटी वाटीभर पाण्याने पाटा धुऊन ते पाणी आमटीत जायचं. त्या चटणीत पान पूर्ण मेलेलं नसायचं, दाताखाली मधूनच एखादा हिरवा धागा यायचा. मिक्सरवर ती चव हवी असेल तर गंधासारखं बारीक करू नका, किंचित भरड ठेवा.

आता तुमची खरी अडचण, झांक्यांची रात्र. गिरण्या बंद पडल्या तरी त्यांच्या झांक्या निघतात, आणि त्या कुणाच्या घड्याळाने चालत नाहीत. कुणी नऊला खाणार, कुणी एकला. चार पट सामान घ्या, म्हणजे आठ वाट्या कोथिंबीर, चार वाट्या पुदिना आणि त्या हिशोबाने बाकीचं. मिरच्या मात्र चौपट न करता सात-आठवर थांबा. पण एकदम वाटू नका. दुपारी कोरडं मिश्रण दळून डब्यात भरा. भाजी निवडून घ्या. पावसाळ्यातली कोथिंबीर चिखलाने माखलेली येते, तेव्हा मोठ्या पातेल्यात पाणी घेऊन जुडी त्यात बुडवा, हलवा, पाच मिनिटं माती तळाशी बसू द्या आणि पानं वरच्या वर उचलून घ्या. पानं आत असताना पाणी ओतून देऊ नका, नाहीतर बसलेली माती परत पानांवर येते. असं तीन वेळा. शेवटचं पाणी पिण्याचं. बर्फही पिण्याच्याच पाण्याचा, कारण ही चटणी शिजणार नाही. मग सुती पंचावर पसरून कोरडी करा, पंचातच गुंडाळून फ्रिजमध्ये ठेवा. हे सगळं दुपारी चारपर्यंत आटोपतं.

पहिला घाणा साडेआठला, दुसरा अकराच्या सुमारास. एक घाणा म्हणजे दहा मिनिटांचं काम, पानं निवडलेली असली की. दुसरा घाणा मुलाकडे द्या. बदामाचं दही सुचवणाऱ्याने मिक्सरही लावावा. मोठ्या वाडग्यात सगळी चटणी टेबलावर मांडू नका. छोट्या वाटीत थोडी काढा, बाकी फ्रिजमध्ये. बाहेर दोन तासांपेक्षा जास्त वेळ पडलेली वाटी पुन्हा भरू नका, बाजूला करा.

आणि समजा त्या रात्री मिक्सर लावणं जमणारच नसेल, तर आणखी एक मार्ग आहे. उकळत्या पाण्यात पानं दहा-पंधरा सेकंद बुडवायची, झाऱ्याने काढून लगेच बर्फाच्या पाण्यात टाकायची, घट्ट पिळून मग वाटायची. गरम पाण्याने ते काळं करणारं विकर निकामी होतं आणि चटणी रात्रभर हिरवी राहते. पुदिन्याचा ताजा वास मात्र त्यात थोडा जातो. वाढायच्या आधी मूठभर कच्चा पुदिना बारीक चिरून त्यात मिसळा, बराचसा परत येतो. मला ही पद्धत दुसऱ्या क्रमांकाची वाटते, पण आदल्या रात्री वाटून ठेवण्यापेक्षा शंभर पटींनी बरी.

चटणीबरोबरच्या पदार्थांकडेही एक नजर टाका, नाहीतर चटणी चालेल आणि कचोरी अडेल. पोहे तेलातले, वर शेव आणि जीरावन, म्हणजे पोह्यांवर भुरभुरायचा मसाला, बिनधोक. साबुदाणा वडा तेलात तळलेला, चालतो. कचोरी बाहेरची असेल तर तेलात तळली की तुपात आणि पिठात मोहन कशाचं हे दुकानात विचारा, संकोचू नका. जिलबी मात्र विचारल्याशिवाय तिला देऊ नका, पिठात दही असू शकतं आणि तळणीला तूप. भुट्ट्याच्या किसात, म्हणजे मक्याची कणसं किसून केलेल्या पदार्थात, आपल्याकडे दूध पडतंच. पाकिटावर हिरवा ठिपका दिसला म्हणून पुरत नाही, हिरवा ठिपका शाकाहारी म्हणतो, आणि दूध त्यात बसतं. वीगन पदार्थांची खूण निराळी आहे, इंग्रजी व्हीवर पान काढलेली. केंद्राच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाने ती २०२१मध्ये जाहीर केली आणि २०२२मध्ये नियम आले. ती नसली तरी पाकिटावर दूध असल्याची सूचना वाचता येते.

बाप्पाच्या शिदोरीचे दही-पोहे मात्र नेहमीसारखेच करा. सूनबाईंनी नैवेद्य बदलायला सांगितलेला नाही, आणि आपण होऊन तो बदलून तिच्या नावावर खपवू नका. घरात नंतर त्याचाच बोल तिला लागतो. प्रसादाचं म्हणून तिच्या हातावर केळं किंवा साखर-खोबरं ठेवा.

जावेच्या सूचनेबद्दल. वेगळी वाटी करायला हरकत नाही असं वरवर वाटतं, आणि काही घरांत तोच मार्ग असतो. जिथे कुणाला पथ्याचं म्हणून अळणी किंवा बिनमिरचीचं द्यावं लागतं, तिथे वेगळंच करावं लागतं. पण इथे बिनदह्याची चटणी वीसही जणांना चालते, दह्याची एकोणीसांना. मग वेगळं काय करायचं? वेगळी वाटी टेबलाच्या कडेला, झाकण घातलेली, वर "हिची आहे, घेऊ नका" अशी ताकीद. त्या पोरीने वीस नातलगांत तेवढ्यासाठी चर्चेचा विषय व्हायचं. कुणीतरी विचारणार, "मग चहा कसा पितेस?" दुसरा सांगणार, "कृष्णाने लोणी खाल्लं." मधोमध एकच वाडगं असलं की ही वेळ येत नाही. पाहुण्यांना "यंदाची चटणी वीगन आहे" असं जाहीरही करू नका. पुदिन्याची चटणी, एवढंच नाव पुरे. सूनबाईंना मात्र ती आल्या आल्या, एकटीला, स्पष्ट सांगा, की दही अजिबात नाही, भांडंही धुऊन वाटलेलं आहे. म्हणजे ती मोकळेपणाने खाईल. आणि शेजारच्या दह्याच्या वाटीत चमचा वेगळा ठेवा, तोच चटणीत बुडायला नको.

आता तुमच्या वाईट वाटण्याबद्दल. ते मी शेवटी ठेवलं, पण पत्र वाचताना तिथेच थांबले होते. तीस वर्षं एका पदार्थाने ओळख मिळते तेव्हा त्यातली एक वस्तू नको म्हणणं हे आपल्यालाच नको म्हटल्यासारखं वाटतं. माझ्या पिढीतल्या बायकांनी प्रेम बोलून दाखवलं नाही, वाढून दाखवलं. वाढलेलं मागे सरकलं की टोचतंच. पण पत्रातलं तुमचंच एक वाक्य परत वाचा. काळी, कडू, पाणी सुटलेली चटणी सूनबाईंनी मुकाट्याने संपवली. जी घरच्या सासूने पाचोळा ठरवली, जी बहुधा तुम्ही स्वतःही दुसऱ्यांदा वाढून घेतली नसेल. ती तिने का संपवली असेल? त्या घरात पहिल्यांदा कुणीतरी तिच्यासाठी हात लावून काहीतरी वेगळं केलं होतं, हे तिला दिसलं होतं. तिला तुमची चटणी नको आहे असं मला कुठेच दिसत नाही. तिला दही नको आहे. या दोन गोष्टी तुमच्या मनात एकमेकींत गुंतल्या आहेत, आणि तीस वर्षं एकाच वाडग्यात असल्यावर गुंतणारच.

तिला नुसतं पाहुणी करून बसवू नका. दुपारी पानं निवडायला ओट्याशी घ्या. पुदिना निवडताना समोरासमोर बघावं लागत नाही, हात चालू असतात, आणि पुष्कळ अवघड गोष्टी सोप्या होऊन बोलल्या जातात. तिने हे का सोडलं ते तेव्हा विचारा, पटवून द्यायला नव्हे, ऐकायला. तुम्हाला दिवाळीत काय वाटलं तेही सांगून टाका. चटणीत मीठ किती, लिंबू किती, हे ठरवायला सासूबाईंना खुर्ची देऊन शेजारी बसवा. त्या नावं ठेवतील, ठेवू द्या. त्यांना पटेपर्यंत चमचा पुढे करत राहा.

उरलेली चटणी बर्फाच्या साच्यात भरून फ्रीझरमध्ये ठेवली की महिनाभर टिकते. नुसती फ्रिजमध्ये दोन दिवस, त्याच्या पुढे नको. आणि निवडताना काढलेले पुदिन्याचे देठ फेकू नका. त्यातले चार-पाच जोमदार देठ खालची पानं काढून पेल्यातल्या पाण्यात उभे करा, पाणी एक दिवसाआड बदला. आठ-दहा दिवसांत पांढरी मुळं दिसतील. मग पसरट कुंडीत लावा, सकाळचं ऊन आणि दुपारची सावली मिळेल अशा जागी, माती ओलसर राहील एवढं पाणी. शेंडे खुडत राहा म्हणजे फुटवे येतात. झांक्यांपासून दिवाळीला दीड महिना उरतो. ती दोघं दिवाळीला येतील तेव्हा कुंडीतून वाटीभर पानं नक्की निघतील.